मागे दांडी नसलेली गाडी

शहापुरात माझं ब्लाउज, फॉल, पिकोचं दुकान आहे. त्याला लागून बारकू मेस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान होतं. मध्ये नुसता पत्रा. सकाळी मेस्त्रींनी ग्राइंडर सुरू केला की तो पत्रा थरथरायला लागायचा, आणि मी शटर ओढेपर्यंत थरथरत राहायचा. गळा पुढून किती हवा, मागून किती, हे मला गिऱ्हाइकाला ओरडून विचारावं लागे. बाई तितक्याच जोरात ओरडून सांगे आणि ते समोरच्या रिक्षा स्टँडपर्यंत पोचे. मग मी वैतागून पत्रा वाजवायची. यावरून आमची कितीदा जुंपली असेल. मेस्त्री शांतपणे चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "शैलाताई, तुमी गळे कापता नि मी लोखंड. लोखंड वरडतं, त्याला मी काय करू?"

नाव बारकू, पण माझ्या दुकानात येताना त्यांना चौकटीखाली वाकावं लागायचं. खाकी शर्टाला ठिणग्यांनी पडलेली भोकं, जाड मिशी, आणि आवाज असा की कुजबुजले तरी चहावाल्याला ऑर्डर गेली असं वाटायचं. पूर्वी वाशिंदला एका कारखान्यात फिटर होते. साहेबाशी वाजलं आणि एका दुपारी डबा उचलून निघून आले. ती हकिगत ते दर वेळी वेगळी सांगायचे, मात्र प्रत्येक वेळी शेवटी साहेबच चुकलेला असायचा.

पोटापाण्याला ते ग्रिल आणि गेटं करत. जीव होता तो हाताने चालवायच्या तीनचाकी गाड्यांत. ज्यांचे पाय चालत नाहीत, त्यांच्यासाठीच्या गाड्या. छातीसमोर दोन मुठी, त्या फिरवल्या की चेन फिरते आणि पुढचं चाक ओढतं. खिडकीचं ग्रिल न्यायला आलेला माणूस ग्रिल तयार नाही म्हणून ताटकळायचा आणि वर त्याला गाडीतली करामत ऐकून घ्यावी लागायची. "असली गाडी बनवणारा दुसरा कोन असंल जिल्ह्यात तर आणा माझ्यापुढं," असं मेस्त्री म्हणायचे. कुणी आणला नाही, कारण कुणी शोधायला गेलं नाही. पण गाड्या खरोखरच चांगल्या होत्या. कसाऱ्यापासून माणसं यायची.

गाड्यांच्या गाद्या मी शिवायची. रेक्झिन, आत फोम. पहिली गादी मी मधोमध शिवण घालून दिली होती, छान दिसावी म्हणून. मेस्त्रींनी ती माझ्या मशीनवर आपटली. म्हणाले, "ज्याला मांडीला काय टोचतं ते कळत नाय, तो दिसभर या शिवणीवर बसंल. जखम झाली तर तुमी बसाल काय त्याच्या उशाला?" मला राग आला. त्या रागातच मी शिवण कडेला घेतली आणि पुढे कायम कडेलाच घेतली.

त्यांची कामाची तऱ्हा निराळी होती. कुणी गाडी सांगायला आलं की काय झालं, कधी झालं, दाखले आहेत का, असलं काही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला. "पयलं कुठं जायचं?"

माणसं गोंधळायची. त्यांना हे आजवर कुणी विचारलेलं नसायचं. कुणी दवाखाना म्हणे, कारण ते उत्तर बरं दिसतं. मेस्त्री मान हलवायचे. "दवाखान्यात तुला नेतील. तू स्वताहून कुठं जाशील ते सांग." मग हळूहळू खरं बाहेर यायचं. एकाला नाक्यावर जाऊन नुसतं उभं राहायचं होतं, म्हणजे बसायचंच, पण नाक्यावर. एका आजोबांना नदीकाठच्या आपल्या शेताच्या बांधावर जायचं होतं. ठिकाण कळलं की मेस्त्री त्या गावी जात आणि सोबत सायकलची एक उघडी रिम नेत. टायर नाही, तारा नाहीत. घरापासून त्या ठिकाणापर्यंतच्या वाटेवर ती रिम काठीने पळवत न्यायची. एवढा मोठा मिशीवाला माणूस पोरासारखा रिम पळवत चाललेला आणि मागे सगळी पोरं बोंबलत. कुठे रिम लंगडते, कुठे पडते, कुठे आपोआप पळते, ते बघून ते गाडीची चाकं आणि चक्रं ठरवत.

गाडी तयार झाली की स्वतः चालवून बघायचे. त्यात लबाडी नको म्हणून गमछाने स्वतःचे दोन्ही पाय करकचून बांधून घ्यायचे. एकदा असेच आसनगाव स्टेशनच्या रस्त्याला गेले. घाम पुसायला कडेला थांबले, तर एका बाईंनी येऊन त्यांच्या मांडीवर कागदात बांधलेला गरम वडापाव ठेवला आणि पुढे निघाल्या. मेस्त्रींचं डोकं फिरलं. गमछा सोडून ते वडापाव परत करायला बाईंच्या मागे धावले. बाईंनी मागे वळून बघितलं तर मघाचा पांगळा माणूस दोन पायांवर धावत येतोय. त्यांनी हातातली पिशवी तिथेच टाकली आणि रस्त्यात मेस्त्रींच्या पाया पडल्या. लोक जमले. मेस्त्री खरं काय ते घसा फोडून सांगत होते, पण कुणाला ते ऐकायचं नव्हतं. दुकानात परत आले तेव्हा रागाने लाल झालेले. "मग वडापावचं काय केलंत?" मी विचारलं. "खाल्ला," म्हणाले. "गरम होता."

एका गोष्टीवर मात्र त्यांच्याशी थट्टा चालायची नाही. कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात वाटलेल्या तयार गाड्या दुरुस्तीला यायच्या. त्यांना मागे ढकलायला एक आडवी दांडी असते. पंक्चर असो, चेन असो, मेस्त्री सगळ्यात आधी करवत घेऊन ती दांडी कापायचे. विचारायचेही नाहीत. मालक ओरडला की म्हणायचे, "मागं दांडी लावली की मागं मानूस येतो. मानूस आला की तो ठरवतो कुठं जायचं ते." त्यांच्या स्वतःच्या गाड्यांना तर मागे हात घालायलाही जागा नसे. कापलेल्या दांड्यांचा ढीग दुकानामागे पडलेला असायचा. त्यातली एक चांगली गुळगुळीत बघून मी मागून घेतली आणि तयार ब्लाउज अडकवायला भिंतीला लावली.

आणि मग चांगुणा आली.

सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतली ही बाई. आधी जंगलातला माल आणून फाट्यावर विकायची. करवंदं, जांभळं, पावसाच्या तोंडाला शेवळं, पुढे करटुली अशा रानभाज्या. जांभळीवरून पडली आणि कमरेखाली सगळं गेलं. तिची जाऊ पारू तिला पाठुंगळी घेऊन जीपपर्यंत आणि जीपमधून आमच्या दारापर्यंत आली होती. पारू घामाने भिजलेली. चांगुणा मात्र पाठीवरून उतरायच्या आधीच दुकानातल्या गाडीकडे बघत होती.

"पयलं कुठं जायचं?" मेस्त्रींनी विचारलं.

"फाट्यावर," ती लगेच म्हणाली. "आमच्या घरचा माल घेऊन लोकं जातात नि पडंल त्या भावाला देऊन येतात. मी बसलेली तर कोनाची हिंमत नाय हुयाची. जांभळं यायच्या आत गाडी द्या."

मेस्त्री खूश झाले. असं फटकन उत्तर देणारं गिऱ्हाईक त्यांना आवडायचं. शिवाय त्यांचं स्वतःचं गाव त्याच फाट्याच्या पलीकडे होतं. सीटचं माप घ्यायला मीही त्यांच्याबरोबर वाडीत गेले. वाडीपासून फाट्यापर्यंत वाट बरी होती, फक्त मध्ये एक लांबलचक चढ. मेस्त्रींची रिम तिथे चार हातही वर जाईना. उलटी घरंगळत आली आणि एका म्हाताऱ्याच्या पायात गेली. वाडी हसून लोळली. मेस्त्री चढाकडे बघत मिशीवरून हात फिरवत उभे होते. एकटीने हा चढ चढेल अशी गाडी करायची, हे त्यांनी तिथेच मनाशी घेतलं असणार.

गाडी केली तशीच. मुठींजवळचं चक्र लहान, चाकावरचं थाळीएवढं, म्हणजे गाडी हळू जाईल पण दमवणार नाही. उतारासाठी दोन्ही बाजूंना ब्रेक. पायांपुढे माल ठेवायला जाळी. जांभळं पिकायच्या आत गाडी वाडीत पोचली. मीही गेले होते. चांगुणाने मुठी धरल्या आणि त्या चढावर एकदाही न थांबता गाडी वर नेली. मेस्त्री खालून इतक्या मोठ्याने ओरडत होते की वरच्या शेतातली गुरं उधळली. परतीच्या जीपमध्ये त्यांनी ड्रायव्हरला, शेजाऱ्याला आणि मला ती गाडी अथपासून पुन्हा समजावून सांगितली. इतक्या आनंदात मी तो माणूस कधी बघितला नव्हता.

जांभळं आली आणि सरत आली. एक दिवस त्या बाजूचा जीपवाला सहज बोलून गेला की मेस्त्री, तुमची गाडी पडवीत आहे, कोंबड्या बसतात तिच्यावर.

मेस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन तसेच निघाले. चेन तुटली असेल, बेअरिंग बसलं असेल. संध्याकाळी परत आले ते माझ्या दुकानात स्टुलावर बसून राहिले. गाडीला काहीही झालं नव्हतं. कोंबड्यांची घाण पुसून त्यांनी ती चालवून बघितली होती, पाण्यासारखी चालत होती.

"मग?" मी विचारलं.

"ती म्हनते, मागं दांडी लावा."

चांगुणाचं म्हणणं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या वाडीतल्या बाया फाट्यावर ओळीने जातात, डोक्यावर ओझी घेऊन, गप्पा मारत. एकटी बाई त्या वाटेने कधीच जात नाही. ही गाडी चढावर हळू चालते. डोक्यावर भारा असलेली पारू तेवढ्या हळू चालू शकत नाही. हाताला धरायला काही असेल तर भार तोलून धरत जमेल, पण गाडीला धरायला काही नाहीच. मग पारू आणि बाकीच्या पुढे निघून जातात. पहिले काही दिवस चांगुणा त्यांच्या मागून एकटी गेली. चढावर एकटी, परत येताना एकटी. मग तिने जाणं सोडलं.

"मला म्हनाली," मेस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "मेस्त्री, तुमी कुठं जायचं ते इचारलंत. कोनासंगं जायचं ते नाय इचारलंत."

मी म्हटलं, बरोबर बोलली ती. लावा की दांडी, एवढं काय त्यात. त्यावर ते भडकले. दांडी लावली की पारू ढकलायला लागणार, मग पारूला सवड असेल तेव्हाच गाडी निघणार, मग पारूला जायचं असेल तिकडेच जाणार. मीही ऐकणाऱ्यातली नाही. ती बाई घरात बसली आहे, तिचा हंगाम बुडाला, आणि तुम्ही तुमचं तेच धरून बसलात, असं मी तोंडावर बोलले. मेस्त्री उठून निघाले आणि दारात थांबले. चौकटीला हात लावून, माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी त्यांच्या बहिणीचं सांगितलं.

कमळी त्यांच्याहून धाकटी. लहानपणी पोलिओने पाय गेलेले. बापाने एका फळीला बेअरिंगची चाकं लावून दिली होती आणि मागे बांबूची दांडी. ढकलायचं काम बारकूचं. एका वर्षी म्हशाच्या जत्रेला तिला घेऊन गेला. तिथे गुरांचा केवढा तरी बाजार भरतो. कमळी म्हणाली, दादा, बांगड्यांकडं ने. हा म्हणाला, नेतो. पण त्याला बैल बघायचे होते. बैलांच्या समोर फळी उभी केली आणि हा दिवसभर या जोडीकडून त्या जोडीकडे हिंडला. उन्हं उतरली तेव्हा तशीच घरी आणली.

"पुना म्हनाली नाय ती. एकदाच म्हनाली," मेस्त्री बोलले. "पुढल्या जत्रेच्या आत तापात गेली."

ते गेले आणि थोड्या वेळाने पलीकडे ग्राइंडर सुरू झाला. त्या दिवशी मी पत्रा वाजवला नाही.

मध्ये बरेच दिवस गेले. पाऊस जोरात लागला होता. एका सकाळी मी दुकान उघडून अगरबत्ती लावत होते तेव्हा मेस्त्री आले आणि एक शब्द न बोलता भिंतीवरच्या दांडीवरून माझे ब्लाउज काढून मशीनवर ठेवायला लागले. एकावर एक, नीट घडी मोडू न देता. सगळे काढून झाल्यावर पान्याने दांडी सोडवली.

"ही लागंल," म्हणाले. "तुमाला दुसरी देतो."

दुपारी मला बाहेर बोलावलं. दुकानापुढे एक जुनी गाडी उभी होती. तिला माझी दांडी लावली होती खरी, पण मागे नव्हती. डाव्या बाजूला, हाताच्या टेकूला जोडून कमरेच्या उंचीवर बाहेर काढलेली आणि टोकाला वाकवलेली. म्हणजे धरणारा माणूस बसणाऱ्याच्या शेजारी येणार, बोलता बोलता तोंड दिसणार. मला पारू व्हायचं होतं. माझ्या डोक्यावर रेक्झिनचा गठ्ठा दिला, दांडी धरायला लावली आणि स्वतः पाय बांधून गाडीत बसले. आम्ही गल्लीत फेरी मारली. रिक्षावाल्यांना त्या दिवशी दुसरी करमणूक लागली नाही.

"आता ढकला," मेस्त्री म्हणाले.

मी ढकललं. गाडी सरळ जायच्या ऐवजी उजवीकडे वळली आणि गटाराकडे निघाली. मेस्त्रींनी ब्रेक दाबला आणि टाळ्या वाजवायला लागले. "बघा! एका अंगानं ढकललं की वाकडी जाते! हिला धरता येतं, ढकलता येत नाय!"

ती दांडी चांगुणाच्या गाडीला लागली. करटुलीच्या दिवसांत ती फाट्यावर जाऊन बसली आणि पारू भाव करायला शिकली, असं जीपवाल्याने सांगितलं. माझ्यासाठी तिने त्याच्याच हाती पिशवीभर करटुली पाठवली होती. मेस्त्रींना काही पाठवलं नव्हतं. ते चिडले आणि माझ्यातली अर्धी घेऊन गेले.

त्यानंतरच्या गाड्यांना ती बाजूची दांडी असायची, हवी असेल त्याला. आणि प्रश्न दोन झाले होते. कुठं जायचं, आणि कोणासंगं.

पुढे मेस्त्रींचे डोळे गेले. आधी ते निळ्या रेक्झिनला काळं म्हणायला लागले. मग दाराची चौकट, जिच्याखाली ते वर्षानुवर्षं वाकत आले होते, ती कपाळाला लागायला लागली. मी मागे लागून डॉक्टरकडे पाठवलं. काचबिंदू होता, उशीर झाला होता. काही दिवस बोटांनी चाचपून काम करायचा प्रयत्न केला, पण वेल्डिंग चाचपून होत नाही. एक दिवस त्यांनी सामान देऊन टाकलं आणि पुतण्याकडे गावी राहायला गेले. जाताना माझ्या दुकानात येऊन पत्र्यावर दोनदा थाप मारली. "आता बोला हळू," म्हणाले. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगं दिवसभर गप्प बसून काम करतं. गिऱ्हाइकाने कुजबुजत सांगितलेलं मापही मला ऐकू येतं आणि मला ते मुळीच आवडत नाही. मेस्त्रींची फार आठवण येते.

परवाच्या पौषात मी बहिणीबरोबर म्हशाच्या जत्रेला गेले होते, घोंगडी घ्यायला. गुरांच्या बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर गर्दी बाजूला होत होती. बघते तर चांगुणाची गाडी. ती मुठी फिरवत होती, पुढे येणाऱ्यांना शिव्या घालत होती. आणि डाव्या अंगाला दांडी धरून, डोळे समोर ठेवून बारकू मेस्त्री चालत होते. धुतलेला पांढरा शर्ट, पाय जपून टाकत. "दगड हाय," चांगुणा म्हणाली की पाय उचलत. मी हाक मारणार होते. तेवढ्यात वाटेला फाटे फुटतात तिथे तिने गाडी थांबवली.

"मेस्त्री, कुठं जायचं?" ती म्हणाली. "बैलांचा बाजार हाय इकडं, तो ऐकायचा काय?"

मेस्त्रींनी नाही म्हणून मान हलवली.

"बांगड्यांकडं ने," ते म्हणाले.

ती हसली, पण गाडी वळवली. मी बहिणीला तिथेच उभं करून थोडं अंतर ठेवून मागे गेले. बांगड्यांच्या दुकानांची रांग होती, बाया हात पुढे करून बसलेल्या, कासार बांगड्या चढवत होते. चांगुणाने रांगेच्या पुढ्यात, सगळ्यांच्या वाटेत गाडी उभी केली. मेस्त्री तिच्या चाकाशेजारी खाली बसले. एक हात दांडीवर तसाच होता. ते बांगड्यांच्या आवाजाकडे तोंड करून बसले होते. माझे डोळे भरून आले आणि मी हाक मारली नाही.

बऱ्याच वेळाने चांगुणा म्हणाली, "मेस्त्री, आता निघायचं ना? पारू वाट बघंल."

"बस गो जरा," मेस्त्री म्हणाले. "उन्हं उतरंपर्यंत बसू."